भक्षकपेशींचा शोधक : एली मेचनिकॉफ



शेतात चालताना पायात बाभळीचा काटा मोडला की ती जागा लाल होते, सुजते, ठणकते. पुढे पूही होतो. आपल्या खानदेशात हा अनुभव कुणाला नाही? पण ही सूज म्हणजे शरीराने चालविलेली लढाई आहे, हे ज्यांनी दाखवून दिले, त्या थोर शास्त्रज्ञाची ओळख तुम्ही करून घ्यावी म्हणून हा लेख.

एली मेचनिकॉफ यांचा जन्म इ. स. १८४५ मध्ये आजच्या युक्रेनमधील खारकोव्ह शहराजवळ झाला. तरुणपणीच ते ओडेसा विद्यापीठात प्राध्यापक झाले. १८७३ मध्ये क्षयाने त्यांची पत्नी गेली. स्वतःच्या डोळ्यांचा विकारही होताच. १८८२ मध्ये विद्यापीठातील राजकीय गोंधळाला कंटाळून त्यांनी नोकरी सोडली व इटलीतील मेसिना या बंदरगावी मुक्काम केला.

तेथे एके दिवशी घरची मंडळी सर्कस पाहावयास गेली असता त्यांच्या मनात एक विचार आला. तारामाशाचे पिल्लू काचेसारखे पारदर्शक असते. त्यांनी बागेतील गुलाबाचे काटे त्याच्या अंगात टोचले. दुसऱ्या दिवशी पाहतात तो काट्याभोवती फिरत्या पेशींचा वेढा पडलेला! अशा पेशी जंतूंना गिळून नष्ट करतात, हे त्यांनी पुढे सिद्ध केले. त्या काळी पुष्कळ डॉक्टरांची समजूत उलटी होती. पांढऱ्या पेशी जंतू अंगभर पसरवितात, असे ते मानीत. पण मेचनिकॉफ डगमगले नाहीत. १८८८ मध्ये ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेले आणि १९०८ मध्ये पॉल एर्लिख यांच्यासमवेत नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले.

आपल्या महाराष्ट्राशीही त्यांचे नाते आहे. ओडेसातील त्यांचे विद्यार्थी वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली व १८९७ च्या जानेवारीत प्रथम स्वतःस टोचून घेतली. लोक लसीला भीत होते, तेव्हा सर आगाखान यांनी सर्वांसमक्ष ती टोचून घेतली आणि प्रयोगशाळेसाठी आपली वास्तूही दिली. परळची हाफकिन संस्था हे त्याच कार्याचे स्मारक होय.

वृद्धापकाळी हेच रक्षक आपल्याच शरीरावर उलटतात, असा मेचनिकॉफ यांना संशय होता. त्यांचे सर्व तपशील टिकले नाहीत. परंतु रक्तवाहिन्यांच्या बाबतीत विज्ञान तशाच निष्कर्षावर आले आहे. एलडीएल नावाचे चरबीचे कण धमनीच्या अस्तराखाली साचले की भक्षकपेशी तेथे धावून जातात. त्या चरबी गिळतात, पण ती त्यांना पचत नाही. मग त्या फुगून फेसाळ होतात, रासायनिक संदेश सोडून आणखी पेशी बोलावतात आणि धमनीच्या भिंतीत सूज धुमसत राहते. वर्षानुवर्षे थर वाढतो. एके दिवशी तो फुटला की रक्ताची गुठळी होऊन हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येतो.

२०१७ मध्ये याचा पुरावा मिळाला. पूर्वी झटका येऊन गेलेल्या दहा हजारांहून अधिक रुग्णांवर, कोलेस्टेरॉल न घटविता केवळ सूज कमी करणाऱ्या औषधाची चाचणी झाली. झटके, पक्षाघात व त्यांमुळे होणारे मृत्यू सुमारे १५ टक्क्यांनी घटले. मात्र जंतुसंसर्गाने दगावणारे किंचित वाढले. पहारेकऱ्याला झोपविले की चोरही फावतो, हेच खरे.

दीर्घायुष्यासाठी आंबट दह्याचा पुरस्कार करणारे मेचनिकॉफ १९१६ मध्ये पॅरिस येथे हृदयविकारानेच वारले.

म्हणून वाचकहो, पहारेकऱ्यास दोष न देता त्याला विनाकारण लढावयास लावू नये, हे उत्तम. विडी, सिगारेट, तंबाखू दूर ठेवा. चाळिशीनंतर रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉल तपासून घ्या. आणि विद्यार्थी मित्रांनो, घरात कुणाला छातीत दडपण येऊन घाम फुटला, तर पित्त समजून सोडा पाजीत बसू नका. त्यांना तत्काळ दवाखान्यात न्या. त्या घटकेला तुमचे शिक्षण खरोखर उपयोगी पडेल.