कै. वसंतराव नाईक आणि दैव

मुख्यमंत्रिपद वसंतरावांस दैवाने लाभले, असे आमच्या जिल्ह्यात पुष्कळांनी म्हटले आहे. आम्हांस ते मान्य नाही. नोव्हेंबर १९६३ मध्ये मारोतराव कन्नमवार पदावर असतानाच निवर्तले, हे खरे. परंतु निवड वसंतरावांचीच का व्हावी?

पुसदजवळील गहुली येथे १९१३ साली शेतकरी घराण्यात त्यांचा जन्म झाला. नागपुरास कायद्याचे शिक्षण घेऊन त्यांनी पुसदला वकिली केली व नगरपालिकेचे अध्यक्षपद भूषविले. १९५२ पासून मध्य प्रदेश, द्वैभाषिक मुंबई व महाराष्ट्र अशा तीन राज्यांच्या मंत्रिमंडळांत महसूल, सहकार, कृषी ही खाती त्यांच्या हातून गेली. राज्ये बदलली, शेतकऱ्याची गाऱ्हाणी मात्र तीच होती! डिसेंबर १९६३ मध्ये शपथ घेणारा पुरुष नवखा नव्हता.

पुढच्याच वर्षी संकरित ज्वारीचे वाण निघाले. बियाणे दरसाल विकत घ्यावयाचे, म्हणून शेतकरी कचरत असे. शेती जाणणाऱ्या वसंतरावांस त्याचे मोल उमगले आणि त्यांनी त्याचा हिरिरीने पुरस्कार केला. त्यांच्याच कारकिर्दीत, १९६९ साली, अकोल्यास कृषी विद्यापीठ स्थापन झाले.