चूल, शेत आणि सर अल्बर्ट हॉवर्ड

शेणाची गोवरी हे भारतातील सर्वांत जुन्या जैवइंधनांपैकी एक. ती चुलीत जळते तेव्हा घरातली भाकरी भाजून निघते. मात्र त्याच वेळी शेताच्या वाट्याचे खत धुरावाटे निघून जाते. नत्र आणि सेंद्रिय द्रव्ये हवेत मिसळतात, मागे उरते ती राख. घराची भूक आणि जमिनीची भूक यांच्यातील हा जुना पेच सोडविण्याचा एक मोठा शास्त्रीय प्रयत्न सुमारे शंभर वर्षांपूर्वी होळकरांच्या इंदूरात झाला. त्याचे नेतृत्व करणारे शास्त्रज्ञ म्हणजे सर अल्बर्ट हॉवर्ड.

हॉवर्ड यांचा जन्म 8 डिसेंबर 1873 रोजी इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. लंडन आणि केंब्रिज येथे विज्ञानाचे शिक्षण घेतल्यानंतर ते वेस्ट इंडीजमध्ये बुरशीजन्य पीकरोगांचे अभ्यासक म्हणून रुजू झाले. प्रयोगशाळेत बसून रोगांची वर्णने लिहायची आणि स्वतः पिकवून न पाहिलेल्या पिकांविषयी शेतकऱ्यांना सल्ला द्यायचा, ही विसंगती त्यांना तेथेच जाणवू लागली. 1905 साली बिहारमधील पुसा येथील संशोधन संस्थेत शासकीय वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्याच वर्षी त्यांचा गॅब्रिएल मॅथाई यांच्याशी विवाह झाला. गॅब्रिएल स्वतः केंब्रिजमध्ये शिकलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. पुढील पंचवीस वर्षांचे काम या दांपत्याने जोडीने केले, आणि पुसा येथे त्यांनी विकसित केलेल्या गव्हाच्या वाणांना मोठी मान्यता मिळाली.

तरीही सुधारित बियाणे हे अर्धेच उत्तर आहे, असे हॉवर्ड यांचे मत बनत गेले. कस गेलेल्या जमिनीत उत्तम वाणही फार काळ साथ देत नाही. पुसा येथे वनस्पती, रसायन, कीटक अशा वेगवेगळ्या विभागांत वाटलेले संशोधन त्यांना अपुरे वाटे. शेतात मात्र या साऱ्या गोष्टी एकत्रच नांदतात. आसपासच्या शेतकऱ्यांना, इतकेच काय पिकांवरील किडींनाही, ते आपले गुरू मानत.

स्वतःच्या कल्पनेप्रमाणे काम करण्याची संधी त्यांना 1924 साली इंदूरात मिळाली. भारतीय मध्यवर्ती कापूस समितीचे अर्थसाहाय्य आणि होळकर दरबाराने दिलेली 300 एकर जमीन यांच्या बळावर ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ ही संस्था उभी राहिली आणि हॉवर्ड तिचे संचालक झाले. उद्दिष्ट कापसाच्या सुधारणेचे होते. पण माळव्याच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात तुंबणारे पाणी आणि सेंद्रिय द्रव्यांची उणीव दूर केल्याशिवाय कापूस सुधारणार नाही, हे त्यांनी ओळखले.

प्रश्न होता खत आणायचे कोठून, हा. शेण चुलीत जात होते. त्याबद्दल शेतकऱ्याला अडाणी ठरविणे सोपे होते. परंतु 1893 साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात जॉन ऑगस्टस फोल्कर या कृषिरसायनतज्ज्ञाने हा समज आधीच खोडून काढला होता. सरपण मिळत नाही म्हणून शेण जळते, हे त्याने दाखवून दिले आणि गावोगावी जळणासाठी झाडे राखावीत असे सुचविले होते. झाडे वाढेपर्यंत चूल थांबत नाही, ही त्या उपायाची अडचण होती.

हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी, रसायनतज्ज्ञ यशवंत वाड यांनी वेगळा मार्ग शोधला. शेतातील पऱ्हाटी, तुराट्या, तण, पालापाचोळा असा सर्व टाकाऊ माल त्यांनी हिशेबात धरला. कठीण तुराट्या आणि पऱ्हाटी शेतरस्त्यावर पसरून बैलगाड्यांच्या चाकांखाली चुरडून घेतल्या जात. गोठ्यातील गोमूत्र मुरलेली माती, थोडी राख आणि शेण यांच्यासह हा काडीकचरा उथळ खड्ड्यांत थरांनी रचला जाई. ओलावा आणि हवा सांभाळत तो तीन वेळा उलथापालथ केला, की सुमारे तीन महिन्यांत काळसर, भुसभुशीत खत तयार होई. यात वनस्पतिजन्य मालाचा वाटा मोठा आणि शेणाचा लहान असल्यामुळे उरलेले शेण जळणासाठी ठेवता येई. चुलीतील राखही खड्ड्यात परत येई. चिनी शेतकऱ्यांच्या पिढीजात अनुभवाचा या पद्धतीला आधार होता, आणि हॉवर्ड यांनी ते ऋण मोकळेपणाने मान्य केले.

ऑगस्ट 1930 मध्ये गॅब्रिएल यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी हॉवर्ड सेवानिवृत्त होऊन इंग्लंडला परतले. त्याच 1931 साली शेतीतील टाकाऊ पदार्थांच्या उपयोगावरील हॉवर्ड आणि वाड यांचा संयुक्त ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि ‘इंदूर पद्धत’ हे नाव जगभर गेले. गांधीजींनीही आपल्या ‘हरिजन’ साप्ताहिकातून तिचा पुरस्कार केला. 1934 साली हॉवर्ड यांना ‘सर’ ही पदवी मिळाली. 1940 सालच्या ‘ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट’ या ग्रंथाने त्यांना सेंद्रिय शेतीच्या प्रवर्तकांत मानाचे स्थान दिले. 20 ऑक्टोबर 1947 रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

या यशाला दुसरी बाजूही होती. निरोगी माती म्हणजे निरोगी पीक, जनावर आणि माणूस, हा त्यांचा सिद्धान्त अनेक शास्त्रज्ञांना पुराव्यापेक्षा मोठा वाटला. रासायनिक खतांवरील त्यांची टीका पुष्कळदा एकांगी होती. जगभर हॉवर्ड यांचे नाव झाले, वाड यांचे मात्र मागे पडले. शिवाय ही पद्धत स्वस्त असली तरी फुकट नव्हती. खड्डे खणणे, कचरा वाहणे, पाणी शिंपडणे आणि ढीग पालटणे यांसाठी मनुष्यबळ लागे, आणि उन्हाळ्यात पाण्याला तोटा असे. मजूर बाळगणाऱ्या चहा-कॉफीच्या मळ्यांनी ती उत्साहाने उचलली. ज्या लहान शेतकऱ्यासाठी ती प्रामुख्याने आखली गेली होती, त्याला ती पेलणे अधिक अवघड होते.

हॉवर्ड यांची संस्था कालांतराने इंदूरच्या कृषी महाविद्यालयात रूपांतरित झाली. त्याच शहरात देवगुराडिया येथे 19 फेब्रुवारी 2022 रोजी बायो-सीएनजी प्रकल्पाचे उद्घाटन झाले. दररोज 550 टन ओल्या कचऱ्यापासून सुमारे 17,000 किलो वायू आणि 100 टन खत निर्माण करण्याची त्याची क्षमता सांगण्यात आली. गोव्यात साळगाव येथील प्रकल्पही ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस आणि खत तयार करतो. बंद टाकीत कचरा कुजविला, की कर्बाचा मोठा भाग इंधनवायू होऊन जातो, पण नत्र बहुतांशी उरलेल्या गाळात टिकून राहते. गोवरी जाळण्यापेक्षा हा मार्ग निश्चितच सरस आहे. मात्र तो गाळ शेतापर्यंत पोहोचला तरच. तो आवारातच पडून राहिला किंवा प्लास्टिक-काचेने दूषित झाला, तर जमिनीच्या पदरी पुन्हा काहीच पडत नाही.

उसापासून इथेनॉल असो वा भाताच्या पेंढ्यापासून वायू, प्रत्येक जैवइंधनाची मुळे शेवटी मातीतच असतात. किती लिटर इंधन आणि किती युनिट वीज मिळाली, हे आकडे सहज मोजले जातात. मातीकडे परत किती गेले, हा रकाना पुष्कळदा रिकामा राहतो. इंदूरच्या त्या उथळ खड्ड्यांत हॉवर्ड आणि वाड यांनी तो रकाना भरण्याचा प्रयत्न केला होता. चुलीला तिचा वाटा नाकारू नये आणि शेताचा वाटा बुडवू नये, एवढाच त्यांच्या हिशेबाचा अर्थ होता.