घड्याळजी संत लुई मार्टिन आणि नाताळची ती रात्र

आगमनकाळाचे शेवटचे आठवडे आपल्या घरांतून कसे जातात हे आपण सारेच जाणतो. घराची रंगरंगोटी, गोठ्याची तयारी, फराळ, नवे कपडे, गायनवृंदाचा सराव आणि त्यातच कामावरची वर्षअखेरीची धावपळ! एकाच छपराखाली राहूनही घरातली माणसे एकमेकांच्या वाट्याला येत नाहीत. अशा दिवसांत आम्हांला फ्रान्समधील एका घड्याळजीची आठवण होते. त्यांच्या धाकट्या कन्येचे, हाती गुलाब आणि क्रूस धरलेले चित्र आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहे. पित्याची ओळख मात्र त्या मानाने थोड्यांनाच आहे. लिज्यूच्या संत तेरेजेचे वडील संत लुई मार्टिन हेच ते घड्याळजी होत. पोप फ्रान्सिस यांनी १८ ऑक्टोबर २०१५ रोजी त्यांना व त्यांच्या पत्नी झेली यांना संतपद बहाल केले. पती-पत्नीला एकाच वेळी संत म्हणून घोषित करण्याचा ख्रिस्तसभेतील हा पहिलाच प्रसंग होता.

लुई यांचा जन्म २२ ऑगस्ट १८२३ रोजी बोर्दो शहरी झाला. वडील सैन्यात अधिकारी होते. तरुणपणी लुई यांनी आल्प्स पर्वतातील सेंट बर्नार्डच्या मठात प्रवेश मागितला. परंतु लॅटिन येत नसल्याने त्यांना परत पाठवण्यात आले. पुढे १८५० साली आलान्सों या गावी त्यांनी घड्याळांचे दुकान थाटले, त्याला दागिन्यांची जोड दिली आणि १३ जुलै १८५८ च्या मध्यरात्री झेली गेरँ यांच्याशी ते विवाहबद्ध झाले.

या दुकानाची एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. रविवारी आसपासच्या खेड्यांतील शेतकरी गावात येत आणि लग्नाचे दागिने बहुधा त्याच दिवशी घेत. लुई मात्र रविवारी दुकान उघडत नसत. निदान बाजूचा दरवाजा तरी उघडा ठेवावा, म्हणजे गिऱ्हाईक परत जाणार नाही, असा सल्ला हितचिंतकांनी दिला. तोही त्यांनी मानला नाही. तो दिवस परमेश्वराचा होता आणि त्यानंतर कुटुंबाचा. आपल्याकडे ज्यांचे दुकान आहे त्यांना या निर्णयाची किंमत वेगळी सांगायला नको.

झेलीबाईंचा व्याप तर त्यांच्याहून मोठा होता. आलान्सोंची सुईने विणलेली लेस साऱ्या युरोपात नावाजलेली. झेली घरोघरी काम करणाऱ्या बायकांना काम वाटून देत, दर गुरुवारी ते गोळा करीत आणि तुकडे स्वतः जोडीत. मागण्या वाढल्या की रात्री उशिरापर्यंत दिवा जळत असे. शेवटी १८७० साली लुई यांनी आपले चालते दुकान भाच्याला विकले आणि पत्नीच्या धंद्याचे हिशेब व प्रवास स्वतःच्या अंगावर घेतले. पुरुषाने आपला धंदा बंद करून पत्नीच्या धंद्यात हातभार लावावा ही गोष्ट आजही किती घरांत घडते, याचा विचार आमच्या मनात येऊन जातो.

या दांपत्याला नऊ मुले झाली. त्यांपैकी दोन मुलगे व दोन मुली बालवयातच देवाघरी गेल्या. उरलेल्या पाच मुलींना मागे ठेवून झेलीही २८ ऑगस्ट १८७७ रोजी स्तनांच्या कर्करोगाने निवर्तल्या. तेरेजा तेव्हा साडेचार वर्षांची होती. मुलींना मामा-मामींचा आधार मिळावा म्हणून लुई यांनी आपले आवडते आलान्सों सोडले आणि ते लिज्यूला येऊन राहिले. तेथील घरात संध्याकाळी सोंगट्यांचा डाव होई, थोरल्या मुली वाचून दाखवीत, मग वडील धाकट्या मुलींना मांडीवर घेऊन गाणी म्हणत, कविता ऐकवीत आणि शेवटी सर्वजण मिळून प्रार्थना करीत. रोजचा क्रम एवढाच.

१८८६ च्या नाताळपर्यंत हे घर बरेच रिकामे झाले होते. पोलिन चार वर्षांपूर्वीच कार्मेल मठात गेली होती, मरी त्याच ऑक्टोबरात तिच्यामागून गेली. लिओनीही मठात गेली होती. पण डिसेंबरच्या आरंभी ती परतली होती. लुई त्रेसष्ट वर्षांचे झाले होते. मध्यरात्रीची मिस्सा आटोपून ते तिन्ही मुलींसह घरी आले. फ्रान्समधील रीतीप्रमाणे मुले नाताळच्या रात्री शेकोटीपाशी आपले बूट ठेवतात आणि त्यांत भेटवस्तू घातलेल्या असतात. चौदाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर असूनही तेरेजेसाठी ही प्रथा चालू होती. थकलेल्या वडिलांनी ते बूट पाहिले आणि जरा वैतागून, यंदाचे हे शेवटचेच वर्ष हे बरे झाले, अशा अर्थाचे काहीतरी ते बोलून गेले.

तेरेजा टोपी काढण्यासाठी जिना चढत होती. शब्द कानी पडले आणि तिचे डोळे भरून आले. सेलिनला धाकट्या बहिणीचा हळवा स्वभाव ठाऊक होता. एवढ्यात खाली जाऊ नकोस, असे तिने विनवले. परंतु तेरेजेने डोळे पुसले, ती धडधडत्या हृदयाने खाली आली आणि एकेक भेटवस्तू बाहेर काढत वडिलांपुढे आनंदाने मिरवू लागली. वडील हसू लागले. त्यांचा वैताग कुठल्या कुठे गेला. त्या रात्री बाळ येशूने आपल्याला बालपणाच्या रडवेपणातून बाहेर काढले, असे तेरेजा पुढे आयुष्यभर मानत आली.

संतांच्या चरित्रांतून असे वैतागाचे क्षण सहसा गाळले जातात. हा गाळला गेला नाही, याचे आम्हांला समाधान वाटते. मिस्सेहून दमून आलेला, रात्री दोन शब्द चुकून बोलून गेलेला पिता आपल्याला परका नाही. मात्र बोलून ते खोलीत निघून गेले नाहीत, शेकोटीपाशीच बसून राहिले. म्हणून तर मुलीला खाली येण्यासाठी कोणीतरी तिथे होते.

पुढच्याच वर्षी तेरेजेने मठात जाण्याची परवानगी मागितली आणि त्यांनी ती दिली. ९ एप्रिल १८८८ रोजी ती कार्मेलमध्ये दाखल झाली. त्यानंतर लुई यांची स्मृती ढासळू लागली. त्याच जूनमध्ये ते घरातून नाहीसे झाले आणि काही दिवसांनी ल हाव्र बंदरात सापडले. १२ फेब्रुवारी १८८९ रोजी त्यांना काँ शहरातील मनोरुग्णालयात ठेवावे लागले. लिओनी व सेलिन सुरुवातीचे काही महिने त्याच शहरात राहिल्या. तरीही १८८९, १८९० आणि १८९१ हे तीन नाताळ त्यांनी घरापासून दूर काढले. नाताळला घरी न परतणारे कोणी ज्यांच्या घरात आहे, त्यांना या तीन वर्षांचे मोजमाप कळेल.

मे १८९२ मध्ये त्यांना घरी आणले गेले तेव्हा पायांत बळ उरले नव्हते. सेलिनने त्यांची अखेरपर्यंत शुश्रूषा केली. २९ जुलै १८९४ रोजी त्यांनी देह ठेवला आणि सप्टेंबरात सेलिननेही कार्मेलची वाट धरली. त्या हिवाळ्यात मठातील विरंगुळ्याच्या एका संध्याकाळी तेरेजा आपल्या बहिणींना बालपणीच्या आठवणी सांगत होती. हे सारे लिहून काढायला हवे, असे मरीने सुचवले आणि मठप्रमुख असलेल्या पोलिनने तशी आज्ञा केली. १८९५ साली भरलेल्या त्या वहीतच शेकोटीपाशी ठेवलेल्या बुटांची गोष्ट आहे.