वीस रुपयांचा हिशेब

शेतकरी बंधूंनो, गावाची सरासरी काढली की बागाईतदार आणि कोरडवाहूवाला एकाच आकड्यात बसतात, हे तुम्ही पाहताच. या सरासरीच्या खेळाशी आयुष्यभर भांडलेला माणूस म्हणजे दादाभाई नौरोजी.

४ सप्टेंबर १८२५ रोजी गरीब पारशी घरात त्यांचा जन्म झाला. वडील लहानपणीच वारले, आईनं शिकवलं. एल्फिन्स्टन कॉलेजात ते गणिताचे प्राध्यापक झाले आणि १८५५ मध्ये व्यापारासाठी विलायतेला गेले.

तिथं त्यांनी सरकारचेच अहवाल मांडून बसून हिशेब केला. प्रत्येक प्रांताची पेर किती, एकरी पीक किती, भाव काय. सरकारी सरासरीतली चूकही त्यांनी धरली. एका जिल्ह्यात पेर लाख एकर आणि दुसऱ्यात हजार एकर, तरी दोन्हींचा एकरी उतारा मिळवून दोनाने भागायचं, असा तो प्रकार होता. दादाभाईंचा १८६७-६८ चा आकडा आला माणशी वर्षाला २० रुपये. तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्चही याहून जास्त होता! शिवाय या २० रुपयांत धनिकांचा मोठा वाटा धरलेला. म्हणजे मजुराच्या पदरात त्याहून कमीच.

सरकारनं काय केलं? १८७३ मध्ये पार्लमेंटच्या समितीनं त्यांचं टिपण घेतलं, पण अहवालात छापलं नाही. १८८२ मध्ये सरकारनं स्वतःचा हिशेब करून २७ रुपये सांगितले. तो कसा मांडला याचा तपशील दादाभाईंनी मागितला, तर दिला नाही.

असं का? आकडा कबूल केला असता तर शेतसारा कमी करावा लागला असता, दरसाल विलायतेला जाणारे पगार-पेन्शनीचे पैसेही रोखावे लागले असते. त्यापेक्षा आकड्यावर वाद घालणं सोपं! पण २७ धरले तरी गरिबी कुठं झाकत होती?

दादाभाई थकले नाहीत. १८९२ मध्ये ते पार्लमेंटात निवडून गेले. १८९५ च्या खर्च चौकशी आयोगावर सभासद झाले. १९०० मध्ये बहुमतानं त्यांचं म्हणणं मान्य केलं नाही, तेव्हा दोन सहकाऱ्यांसह वेगळा अहवाल दिला. १९०१ मध्ये सगळा हिशेब पुस्तकात छापला. ३० जून १९१७ रोजी ते वारले.

खरा आकडा दिला म्हणून सरकार लगेच हलतं, असं नाही. पण आकडाच नसेल तर भांडायचं कशावर? म्हणून शेतकरी बंधूंनो, पीकपाहणी खरी नोंदवा. आणि तलाठी, ग्रामसेवक मंडळींनो, सरासरी काढताना कोरडवाहूवाल्याला त्यात बुडवू नका.