शहीद हेमंत करकरे

बालमित्रांनो, मोठेपणी कोण व्हायचं असं गुरुजींनी विचारलं, की पोलीस व्हायचं म्हणून किती तरी हात वर होतात. पण पोलिसातला मोठा साहेब कसा होतो आणि त्याला काय करावं लागतं? हेमंत करकरे यांच्या जीवनावरून ते कळतं.

त्यांचा जन्म १२ डिसेंबर १९५४ रोजी झाला. प्राथमिक शिक्षण वर्ध्याला, नगरपालिकेच्या चित्तरंजन दास शाळेत झालं. म्हणजे शाळा आपल्यासारखीच साधी! पुढे नागपूरला हायस्कूल आणि १९७५ साली इंजिनिअरची पदवी. हिंदुस्थान लिव्हर या मोठ्या कंपनीत नोकरीही केली. दुसरा कोणी तिथंच थांबला असता. पण त्यांनी कठीण अशी केंद्राची परीक्षा दिली आणि १९८२ च्या तुकडीत ते भारतीय पोलीस सेवेत आले. या परीक्षेला कोणत्याही शाखेची पदवी चालते, हे पालकांनीही ध्यानात घ्यावे.

चंद्रपूरला असताना त्यांनी जंगलातल्या वाळक्या लाकडांतून सुंदर शिल्पे केली. परदेशात ऑस्ट्रियातही त्यांनी देशाचे काम केले. जानेवारी २००८ मध्ये ते महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख झाले.

त्याच वर्षी २६ नोव्हेंबरच्या रात्री मुंबईवर अतिरेक्यांनी हल्ला केला. करकरे साहेब घरी जेवत होते. फोन येताच ते निघाले. एवढा मोठा अधिकारी. घरूनच हुकूम सोडले असते तर? पण ते स्वतः रेल्वे स्टेशनात शिरले. पुढे कामा रुग्णालयाजवळ आपले सहकारी अधिकारी जखमी झाल्याचे कळले, म्हणून ते तिकडे गेले. तिथल्या गल्लीत गोळीबार झाला. करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर आणि त्यांच्याबरोबरचे काही शिपाई शहीद झाले. त्याच रात्री तुकाराम ओंबळे यांनी प्राण देऊन कसाबला जिवंत पकडू दिले.

२६ जानेवारी २००९ रोजी करकरे यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. त्यांच्या पत्नी कविताताई २०१४ साली वारल्या, तेव्हा त्यांचे अवयव दान केले गेले.

मित्रांनो, साहेब होणं म्हणजे नुसती गाडी अन् सलाम नव्हे. संकटात आपल्या माणसांच्या पुढं उभं राहावं लागतं. हात वर करताना एवढं आठवू या. या शूर अधिकाऱ्यास आमचे विनम्र अभिवादन!