आबुकीरचा मुक्काम

सुरतेच्या दक्षिणेस असलेल्या नवसारीचे नाव टाटा घराण्याशी कायमचे जोडले गेले आहे. जमशेटजी तेथले, आणि त्यांचे आप्त व सहकारी रतनजी दादाभाई हेही तेथलेच. रतनजींचे पुत्र जहांगीर, म्हणजे जे. आर. डी., यांचा जन्म मात्र २९ जुलै १९०४ रोजी पॅरिसमध्ये झाला. आई फ्रेंच, बालपणाची भाषाही फ्रेंच. उत्तर फ्रान्सच्या किनाऱ्यावर, जेथे हे कुटुंब सुट्टी घालवी, तेथेच इंग्लिश खाडी विमानातून प्रथम ओलांडणाऱ्या लुई ब्लेरियोचेही घर होते. मुलाला विमानाचे वेड लागले ते तेथे. १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना त्यांच्या हाती पडला.

त्याच वर्षी आगाखानांनी इंग्लंड व भारत यांमधील प्रवास एकट्याने, ठरावीक मुदतीत, प्रथम पुरा करणाऱ्या भारतीयासाठी ५०० पौंडांचे बक्षीस जाहीर केले. कोणत्याही बाजूने निघण्याची मुभा होती. ३ मे १९३० रोजी जे. आर. डी. कराचीहून जिप्सी मॉथ विमानातून निघाले. त्यांचा प्रतिस्पर्धी ॲस्पी इंजिनियर हा अवघ्या सतरा वर्षांचा पारशी मुलगा इंग्लंडहून येत होता. मनमोहन सिंग हे तिसरे स्पर्धक.

ईजिप्तमधील आबुकीरच्या विमानतळावर जे. आर. डी. उतरले, तेव्हा ॲस्पी तेथे अडकून पडला होता. इंजिनाला प्लग हवे होते आणि त्याच्याजवळ सुटे प्लग नव्हते. प्लग म्हणजे बोटाएवढी वस्तू. पण ठिणगी नीट पडेना की इंजिन अडखळू लागते, आणि एका इंजिनाच्या त्या उघड्या विमानाला दुसरा आधार नसे. पुढे इराकचे वाळवंट आणि इराणचा ओसाड किनारा. तसेच उडावे तर जिवाशी गाठ, थांबावे तर शर्यत गेली.

जे. आर. डीं.नी आपल्याजवळचे सुटे प्लग त्याला दिले. या घटनेकडे खिलाडूपणाची गोष्ट म्हणून पाहिले जाते, आणि ती तशी आहेही. पण तेवढ्याने तिचे मोल पुरते कळत नाही. त्यांचा स्वतःचा प्रवास अजून उरला होता. वाटेत भूमध्य समुद्र होता. हातचा साठा कमी करून पुढे जायचे, हा धोका त्यांनी स्वतःच्या विमानाच्या हिशेबात धरला, आणि तोही ज्याच्यामुळे बक्षीस हुकण्याची शक्यता होती त्याच्यासाठी. व्यवहारी माणसाला हा हिशेब सहज पटणारा नव्हे.

पुढे तसेच घडले. ११ मे रोजी ॲस्पी कराचीला पोहोचला, जे. आर. डी. काही तासांनी मागे पडले. मनमोहन सिंगांनीही मजल मारली, पण नेमलेली मुदत उलटून गेली होती. बक्षीस ॲस्पीला मिळाले.

त्या यशाचा ॲस्पीला हवाई दलात शिरताना उपयोग झाला, याचे जे. आर. डीं.ना पुढे समाधानच वाटे. त्यांनी स्वतः १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूपर्यंत टपालाचे विमान आणले, आणि त्यातूनच एअर इंडिया उभी राहिली. १९६० साली ॲस्पी इंजिनियर भारतीय वायुदलाचे प्रमुख झाले, तेव्हा एअर इंडियाच्या अध्यक्षपदी जे. आर. डी. होते.