मेजर गिल यांचे दुसरे काम

रॉबर्ट गिल हे नाव महाराष्ट्रात ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ते बहुधा पारोमुळे ठाऊक असते. अजिंठा गावातील तिची कबर, त्या कबरीवरील २३ मे १८५६ ही तारीख, ना. धों. महानोर यांचे काव्य आणि २०१२ साली आलेला चित्रपट यांनी या इंग्रज चित्रकाराला एका करुण प्रेमकथेचा नायक करून टाकले. त्या कथेत सत्य किती आणि कल्पना किती, हा प्रश्न वेगळा. परंतु तिच्या छायेत गिल यांचे एक मोठे कार्य झाकले गेले, आणि ते कार्य कुंचल्याचे नव्हे, कॅमेऱ्याचे आहे.

१८०४ साली लंडनमध्ये जन्मलेले गिल तरुणपणीच मद्रासच्या लष्करात दाखल झाले. अजिंठ्याची लेणी १८१९ मध्ये शिकारीला निघालेल्या एका इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस पडली होती. जेम्स फर्ग्युसन यांनी १८४३ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे त्यांचे महत्त्व मांडले, तेव्हा भित्तिचित्रे नष्ट होण्यापूर्वी त्यांच्या नकला करून घ्याव्यात असा निर्णय ईस्ट इंडिया कंपनीने घेतला. १८४४ साली हे काम गिल यांच्याकडे आले. निजामाच्या मुलुखातील अजिंठा गावच्या बारादरीत त्यांनी बिऱ्हाड केले आणि लेण्यांच्या अंधारात उभे राहून मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगांत नकला उतरवण्यास प्रारंभ केला. वर्षे लोटली, चित्रे लंडनला जात राहिली. पुढे त्यांतील बहुतेक सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडण्यात आली आणि डिसेंबर १८६६ मधील आगीत भस्मसात झाली. वाचली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

या दरम्यानच गिल यांच्या हाती कॅमेरा आला होता. यामागे एक विचित्र योग आहे. १८५५ च्या सुमारास प्राचीन वास्तूंची नोंद हाताने रेखाटण्याऐवजी छायाचित्रांनी करावी, असे कंपनीच्या संचालकांचे धोरण ठरू लागले होते. मुंबई इलाख्यात कॅप्टन बिग्ज यांची त्यासाठी नेमणूकही झाली. ज्या यंत्राने चित्रकाराच्या पोटावर पाय यावा, तेच गिल यांनी १८५६ च्या सुमारास आपलेसे केले.

ते काम आजच्या माणसाला सहज कल्पना येणार नाही इतके जिकिरीचे होते. काचेवर कलोडियनचा चिकट थर द्यायचा, ती काच अंधारात सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात बसवून प्रकाशाला दाखवायची आणि थर वाळण्यापूर्वी तिच्यावर रसायने ओतून प्रतिमा उमटवायची. हाताशी असत ती सारी दहा-पंधरा मिनिटे. कलोडियनमधील ईथर उन्हात भराभर उडून जाते, आणि वैशाखातील अजिंठ्याचे ऊन काही मवाळ नसते. म्हणजे जेथे छायाचित्र घ्यायचे तेथे अंधारा तंबू, बाटल्या, काचा आणि पुष्कळसे स्वच्छ पाणी, एवढा संसार बैलांच्या किंवा माणसांच्या पाठीवरून न्यावयाचा.

एवढे करूनही ज्या चित्रांसाठी गिल अजिंठ्यास आले होते, ती या काचेला नीट दिसतच नव्हती. कलोडियन निळ्या प्रकाशाला जागते, तांबड्याला जवळजवळ आंधळे असते. आणि अजिंठ्याची रंगसंगती मुख्यतः गेरूची व पिवळ्या मातीची. त्यात लेण्याच्या आतला काळोख. त्यामुळे कॅमेरा साहजिकच बाहेर वळला: चैत्याच्या दर्शनी भागाकडे, ओसरीतील खांबांकडे, ढासळलेल्या कड्यांकडे. चित्रकार गिल यांनी जे दुय्यम म्हणून सोडले असते, ते छायाचित्रकार गिल यांना टिपावे लागले. ही अडचण नसती तर आपल्या हाती पुष्कळच कमी राहिले असते.

१८६४ साली लंडनमध्ये त्यांच्या छायाचित्रांची दोन पुस्तके निघाली. मजकूर फर्ग्युसन यांचा. एकात कोरीव लेण्यांची ७४ छायाचित्रे होती. दुसऱ्यात पश्चिम भारतातील वास्तू आणि वन्य जीवन यांची स्टिरिओस्कोपसाठी घेतलेली १०० चित्रे होती. दोन डोळ्यांइतक्या अंतरावरून घेतलेली ही जोडचित्रे यंत्रातून पाहिली की खांबामागचा खांब खरोखरच मागे दिसतो. अजिंठ्याबाहेरही गिल हिंडले. लोणारचे दैत्यसूदन मंदिर, अन्वा येथील देवालय यांसारखी स्थळे त्यांनी टिपली. अजिंठ्याची वाच्यता युरोपात झाली होती; या मंदिरांकडे लक्ष द्यावे असे मात्र तेव्हा फारसे कोणालाच वाटत नव्हते. झाडोरा माजलेली शिखरे आणि निखळलेले चिरे यांना कोणतीही कीर्ती चिकटलेली नव्हती. मराठवाडा-वऱ्हाडातील मध्ययुगीन मंदिरांच्या अभ्यासकाला ही छायाचित्रे म्हणूनच मोलाची ठरतात.

अजिंठ्याची स्थिती त्यानंतर बरीच पालटली. अनेक लेण्यांतील तुटलेले खांब विसाव्या शतकात नव्याने उभे करण्यात आले. ते मुळात कसे होते, कोठवर तुटले होते आणि नवे काम कोठून सुरू झाले, याची साक्ष आता जुनी छायाचित्रेच देऊ शकतात. नकलकारांनी आणि पुढे दुरुस्ती करणाऱ्यांनी भित्तिचित्रांवर चढवलेली रोगणे पिवळी पडली, ही दुसरी हानी. तिच्यापुढे गिल यांची काच मुकी आहे.

क्रिस्टल पॅलेसच्या आगीची वार्ता आली तेव्हा गिल साठी ओलांडून गेले होते. दोन दशकांचे श्रम एका रात्रीत गेल्यावर माणसाने कुंचला टाकून दिला असता तर त्याला कोणी बोल लावला नसता. त्यांनी मात्र अजिंठ्याचे काम पुन्हा हाती घेतले. १८७२ पासून मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांसह नव्या नकला करू लागले. १८७९ च्या एप्रिलमध्ये गिल भुसावळ येथे वारले आणि तेथेच त्यांचे दफन झाले. लंडनला गेलेल्या ग्रिफिथ्स यांच्या नकलांपैकी बऱ्याच १८८५ साली, पुन्हा आगीतच, जळून गेल्या.